नवे सभासद आणायची मोहीम वर्षभर थांबवली तर?

माजी सचिव:
रोटरी, लायन्ससारख्या सेवा क्लबांमध्ये दर वर्षी एकच घोषणा होते, प्रत्येकाने एक तरी नवा सभासद आणा. माझं मत असं की ज्या क्लबात जितके येतात जवळजवळ तितकेच जातात, तिथे ही मोहीम एक वर्ष सरळ बंद ठेवावी. आलेल्या माणसांकडे बघावं.

गळती कशी होते ते जरा उलगडून सांगतो. रोटरी काय आणि लायन्स काय, वर्ष सुरू होतं १ जुलैला. अध्यक्ष बदलतो. त्याच्या वर्षात यादी वाढलेली दिसायला हवी, म्हणून ओळखीतल्यांना आग्रह होतो, सभासदत्वाची पिन लावली जाते, फोटो निघतो. रोटरीत जुलै आणि जानेवारीच्या यादीवर माणशी वर्गणी वरच्या संस्थेला भरावी लागते. मग जून संपत आला की जे येत नाहीत त्यांची नावं कापली जातात. ज्यांनी माणूस आणला त्यांचा सत्कार तोवर होऊन गेलेला असतो, आणि तो का गेला हे विचारायला कुणी त्याच्याकडे जात नाही.

सोडून जाणारे वेळ नाही म्हणतात, वर्गणीचं कारण देतात. खोदून विचारलं की बहुतेकांकडून वेगळंच ऐकायला मिळतं: मला कुणी काही करायलाच सांगितलं नाही. सेवा करायला आलेला माणूस महिनोन्‌महिने फक्त भाषणं ऐकत बसला, तर तो कशासाठी थांबेल?

चार्टर मेंबर (क्लबच्या स्थापनेपासूनचे सभासद):
सचिवसाहेब, रोगाचं निदान बरोबर, औषध घातक. ज्या क्लबात चांगली वागणूक मिळते तिथूनही माणसं जातात. बदली होते, आजारपण येतं, वय होतं. ही घट कितीही आपुलकीने थांबत नाही. एक वर्ष भरती बंद ठेवलीत की पुढच्या वर्षी मागायची सवयच मोडलेली असेल.

आणि 'काम द्या' हे पूर्ण उत्तर नाही. १९०५ साली शिकागोत पॉल हॅरिसने तीन परिचितांना घेऊन रोटरीची पहिली बैठक केली ती सेवेसाठी नव्हती. मोठ्या शहरात ओळखीपाळखी व्हाव्यात, एकमेकांच्या धंद्याला हात मिळावा, एवढाच हेतू होता. पाळीपाळीने (इंग्रजीत 'रोटेशन'ने) एकेकाच्या कचेरीत भेटायचे, त्यावरून रोटरी हे नाव पडलं. शहरात सार्वजनिक स्वच्छतागृह व्हावं म्हणून ते झटू लागले ते १९०७ च्या सुमारास. किवानिस हा दुसरा सेवा क्लबही १९१५ मध्ये डेट्रॉइटला व्यापाऱ्यांचीच संघटना म्हणून सुरू झाली, सेवेकडे ती नंतर वळली. आधी माणसं एकत्र आली, मग कामं सुचली. नव्याला तुम्ही पहिल्याच महिन्यात रक्तदान शिबिराच्या टेबलावर बसवाल, पण त्याची कुणाशी मैत्री झालेली नसेल तर तो शिबिर संपल्यावर जाईलच.

हजेरीवाला:
माझ्या मते खरं नुकसान हजेरी सैल केल्याने झालं. रोटरीत पूर्वी दर आठवड्याला सभा होती, चुकली तर दुसऱ्या क्लबात जाऊन भरून काढावी लागे. रोटरीचे नियम ठरवणाऱ्या परिषदेने २०१६ मध्ये सभा किती घ्यायच्या आणि हजेरी किती धरायची यात क्लबांना बरीच मोकळीक दिली. तेव्हापासून आमच्याकडे 'जमलं तर येतो' हेच वाक्य ऐकू येतं. आठवड्याला भेटणारा माणूस दोन वेळा दिसला नाही की फोन जायचा. आता दोन महिने दिसला नाही तरी कुणाच्या लक्षात येत नाही. अट होती म्हणून बंधन होतं, आणि बंधन होतं म्हणून नातं होतं.

नोकरदार सभासद:
हजेरीवाले, तुमच्या अटीत कोण बसत होतं तेही सांगा ना. ज्याच्या घरचं बघायला दुसरं कुणी आहे, ज्याची वेळ त्याच्या हातात आहे, तो. मी पाळीची नोकरी करते. ठरलेल्या वारी ठरलेल्या वेळी दर आठवड्याला येणं मला कधीच जमलं नसतं. तरी सुट्टीच्या दिवशी चार तास प्रकल्पावर उभी राहते, तेव्हा हजेरीपटावर शंभर टक्के असलेले कितीतरी जण तिथे नसतात.

सचिवांनाही माझा विरोध आहे. कॅलिफोर्नियातल्या दुआर्ते रोटरी क्लबचं उदाहरण घ्या. सभासद घटत चालले होते, म्हणून त्यांनी १९७७ मध्ये तीन स्त्रियांना प्रवेश दिला. तेव्हा रोटरीत फक्त पुरुषांनाच घेत, म्हणून वरच्या संस्थेने क्लबची सनदच काढून घेतली. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, १९८७ मध्ये निकाल क्लबच्या बाजूने लागला आणि १९८९ मध्ये रोटरीने जगभर स्त्रियांसाठी दार उघडलं. आहेत तेवढ्यांनाच सांभाळत बसले असते तर तो क्लब मिटला असता. गळती लागते तेव्हा खूपदा प्रश्न हा असतो की आपण कुणाला बोलावलंच नाही. तुम्ही भरती थांबवलीत तर आत जे आहेत, त्यांच्यासारखेच राहतील.

रोटरॅक्टवाला:
आम्हा रोटरॅक्टवाल्यांचंही, म्हणजे रोटरीच्या तरुणांच्या क्लबातल्यांचंही ऐका. तिशीची अट २०२० मध्ये गेली, त्याआधी वय झालं की बाहेर. त्यातले किती जण मोठ्या म्हणजे रोटरी क्लबात गेले? माझ्या ओळखीत अगदी थोडे. तिथे प्रकल्प आम्ही आखत होतो, इथे आल्यावर खुर्च्या मांडायला सांगतात.

माजी सचिव:
नोकरदार सभासद, दुआर्तेचा मुद्दा मला पटतो, पण तो माझ्या विरोधात जात नाही. त्यांनी ज्यांना घेतलं त्यांच्यासाठी सनद गमावली आणि दहा वर्षं लढले. नव्या माणसामागे क्लब इतका उभा राहणार असेल तर खुशाल भरती करा. माझा आक्षेप यादी फुगवण्यावर आहे.

तेव्हा मोहीम थांबवण्याऐवजी हे करता येईल का बघा. अध्यक्षाचा गौरव आणलेल्यांवर नको, त्याच्या वर्षात आलेले पुढच्या जूनअखेर किती राहिले त्यावर करा. प्रायोजकाने, म्हणजे ज्याने नवा सभासद आणला त्याने, वर्षभर आपल्या माणसाला सोबत घेऊन यावं, चार जणांशी ओळख करून द्यावी. आणि पिन लावण्याआधीच त्याला विचारावं, तुला नेमकं काय करायला आवडेल? रोटरॅक्टमधून आलेल्याला तर थेट एखाद्या प्रकल्पाचं प्रमुखपद द्यावं, नुसतं सहायकपद नको.

चार्टर मेंबर:
पहिलं आणि तिसरं मान्य. प्रायोजकावर वर्षाचं ओझं टाकलंत तर कुणी प्रायोजकच होणार नाही. ते काम तीन जणांच्या समितीकडे द्या.

नोकरदार सभासद:
समितीकडे दिलेलं काम कुणाचंच नसतं, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. मला ज्या ताईंनी आणलं, त्या प्रत्येक प्रकल्पाआधी स्वतः फोन करायच्या, तुझी पाळी कधी आहे विचारायच्या आणि त्याप्रमाणे माझी वेळ लावून द्यायच्या. म्हणून मी अजून आहे. प्रायोजक कमी मिळाले तर कमी सभासद घ्या.

हजेरीवाला:
तो फोन म्हणजेच मी म्हणतोय ते बंधन. आठवड्याच्या सभेची अट मी सोडायला तयार आहे, पण महिन्यातून एकदा प्रत्यक्ष काम किंवा सभा, यातलं एक तरी सक्तीचं ठेवा. तेही नको असेल तर सभासद कुणाला म्हणायचं हे आधी ठरवा.