मदत हवी आहे: मंडपात गायिकांची गाणी, पण भोंग्याचं काय करू?

नमस्कार मंडळी. बेळगावच्या शहापुरात आमच्या गल्लीच्या गणपतीला यंदा सकाळ-संध्याकाळ फक्त गायिकांचीच गाणी लावायची ठरलीत. गंगूबाई हनगल तर आपल्या शेजारच्या धारवाडात जन्मलेल्या. केसरबाई केरकर गोव्याच्या. १९७७ साली व्हॉयेजर यानाबरोबर अंतराळात गेलेली भैरवी त्यांचीच. अशा बायकांचा आवाज रस्त्यावर घुमायलाच हवा, असं मला मनापासून वाटतं.

अडचण भोंग्याची आहे. काल गंगूबाई लावून बघितल्या. त्यांचा तो भरदार, खर्जातला आवाज पार पातळ होऊन किंचाळल्यासारखा आला, तानपुरा तर गायबच. समोरच्या काकू दारात येऊन म्हणाल्या, "आवाज बारीक कर रे बाळा, कान दुखायलेत."

तर जाणकारांनी सांगा: भोंगा काढून खांबांवर तीन-चार छोटे बॉक्स स्पीकर कमी आवाजात लावले तर अख्ख्या गल्लीत नीट ऐकू जाईल का? आणि जुन्या तीन-तीन मिनिटांच्या तबकड्यांमधलं काय लावू? येता-जाता माणूस तेवढं तरी पूर्ण ऐकतो. कन्नड वचनं (बसवण्णांसारख्या शरण संतांच्या रचना) गाणाऱ्या गायिकाही सुचवा, अर्धी गल्ली कन्नड बोलते. रात्री दहाला सगळं बंदच करणार आहोत.