पुण्याला नेण्यासाठी जुने जपानी उड्यांचे गेम : कोणते यंत्र घ्यावे?

पूर्वेचा_पाहुणा (धागाकर्ता)
नमस्कार मंडळी. मी सहा वर्षांपासून तोक्योत, निशि-कासाईला राहतो आणि यंदा दिवाळीला पुण्यात बहिणीकडे जाणार आहे. भाची दहा वर्षांची आहे आणि भाचा सहा वर्षांचा. दोघांनी आजवर फोनवरचेच गेम खेळले आहेत, म्हणजे निम्मा वेळ गेम आणि निम्मा वेळ जाहिराती. मागच्या आठवड्यात एका सहकाऱ्याच्या घरी मी आयुष्यात प्रथमच १९८५ चा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ खेळलो. चहा होईपर्यंत म्हणून बसलो होतो, तो पावणेदोन तासांनी उठलो. तेव्हापासून मुलांसाठी असेच काही न्यावे असे मनात आहे.
अटी सांगतो. यंत्र, गेम आणि तारा मिळून १५,००० येनच्या वर एक येनही जाणार नाही. बहिणीकडच्या टीव्हीला फक्त एचडीएमआय आहे. मुलांना जपानी वाचता येत नाही. बंदुकांचे गेम नकोत, उड्या मारत पुढे जाण्याचे हवेत. कोणते यंत्र घ्यावे आणि पहिले दोन-तीन गेम कोणते असावेत?

ओसाकाकर
योग्य जागी विचारलेत. फॅमिकॉम म्हणजे मारिओवाल्या निन्टेंडो कंपनीचे टीव्हीला जोडायचे जुने यंत्र. माझ्याकडे त्याच्या पेटीसह ६४ कॅसेट आहेत, त्यामुळे अनुभवाने सांगतो. १९९३ चा नवा फॅमिकॉम घ्यावा, कारण त्याला एव्ही जोडणी आहे. मूळ लाल-पांढऱ्या फॅमिकॉमचे चित्र अँटेनाच्या वाटेने जपानी वाहिनी १ किंवा २ वर येते, आणि ते पुण्याच्या टीव्हीवर लावणे म्हणजे डोकेदुखी आहे. सोबत एव्हीचे एचडीएमआय करणारा चांगला परिवर्तक घ्या, स्वस्तातला घेऊ नका. शक्य असल्यास त्याच्या पुढचे यंत्र, सुपर फॅमिकॉमही घ्या, म्हणजे ‘सुपर मारिओ वर्ल्ड’ची सोय होईल. सगळे मिळून ४०,००० येनच्या आत सहज बसेल.

पूर्वेचा_पाहुणा
ओसाकाकर, आभारी आहे, पण मर्यादा १५,००० येनची आहे.

ओसाकाकर
ती वाचली होती. १९८३ च्या जुलैमध्ये फॅमिकॉम बाजारात आला तेव्हा एकट्या यंत्राचीच किंमत १४,८०० येन होती. चाळीस वर्षांपूर्वीच्या पैशांत आजचा छंद करता येत नाही, एवढेच सुचवायचे होते.

धूळफुंक्या
माझ्या चुकीतून शिका. २०१४ साली मी तोक्योतल्या आकिहाबाराच्या एका दुकानातून सुपर फॅमिकॉम घेतला. दुकानदाराने चाचणी घेऊन दाखवली, मीही खूश झालो. नाशिकला पोहोचल्यावर त्याचा मूळ अ‍ॅडाप्टर थेट भिंतीत लावला. जपानची वीज १०० व्होल्टची, आपली २३० ची. एक बारीक ‘टक्’ असा आवाज आला, पाठोपाठ जळका वास आला आणि घरातल्या पाच मुलांची दिवाळी तिथेच आटोपली. नशिबाने फक्त अ‍ॅडाप्टर गेला, यंत्र वाचले. नवीन अ‍ॅडाप्टर घेणार असाल तर त्यावरच्या खुणा नीट पाहा. फॅमिकॉम आणि सुपर फॅमिकॉम दोन्हींना १० व्होल्ट डीसी लागते आणि पिनेच्या आतली बाजू ऋण असते. आपल्याकडे सर्रास मिळणाऱ्या अ‍ॅडाप्टरांची आतली बाजू बहुधा धन असते. या उलटसुलटीत यंत्रच जायचे.

शेवटचा_डाव
वरच्या दोन्ही अडचणी टाळणारा मार्ग सरळ आहे, तो म्हणजे फॅमिकॉम मिनी. जुन्या फॅमिकॉमची ही छोटी प्रतिकृती निन्टेंडोनेच २०१६ च्या नोव्हेंबरमध्ये काढली. थेट एचडीएमआय आहे, वीज फोनच्या साध्या चार्जरवरून घेता येते आणि आत ३० गेम भरलेले आहेत. त्यांत ‘सुपर मारिओ ब्रदर्स’, त्याचा तिसरा भाग, ‘रॉकमन २’ आणि कर्बी या गोल गुलाबी पात्राचा १९९३ चा गेम आहे. मूळ किंमत ५,९८० येन होती. आता वापरलेलाच मिळेल, तरी तुमच्या मर्यादेत बसेल. दोष एकच, पण मोठा आहे. मूळ यंत्राप्रमाणे याचेही दोन्ही रिमोट यंत्राला कायमचे जोडलेले आहेत, आणि ते इतके लहान आहेत की माझे अंगठे एकमेकांवर चढतात. सहा वर्षांच्या मुलाला मात्र ते मापाचे होतील.
तुम्ही पावणेदोन तास का बसलात, याबद्दलही थोडे लिहितो. बटण जेवढा वेळ दाबून धराल तेवढी मारिओची उडी उंच जाते आणि हवेत असतानाही त्याला मागे-पुढे वळवता येते. १९८१ च्या ‘डाँकी काँग’मध्ये हीच स्वारी एकाच ठरावीक मापाची उडी मारत असे. पहिल्या पातळीची सुरुवात आठवून पाहा. समोरून एक तपकिरी शत्रू चालत येतो, तो लागला की खेळ पहिल्यापासून, म्हणजे नुकसान जेमतेम काही सेकंदांचे. मग ठोकळ्यातून अळंबी निघते, उजवीकडे जाते, पाइपावर आपटून परत तुमच्याकडे येते आणि डोक्यावर ठोकळे असल्यामुळे ती चुकवणेही अवघड जाते. अळंबी चांगली असते हे कोणी न सांगता कळते. ही मांडणी मुद्दाम केलेली आहे, मारिओचे जनक शिगेरु मियामोतो यांनी पुढे मुलाखतींत ती उलगडून सांगितली आहे. पूर्ण गेम अवघ्या ४० किलोबाइटमध्ये बसवला होता, त्यामुळे ढग आणि झुडूप यांचे चित्र एकच आहे, फक्त रंग वेगळा. सूचना लिहायला जागा नव्हती, म्हणून जमिनीनेच शिकवायचे काम केले असे मला वाटते.

शंकेखोर
क्षमस्व, पण हे सगळे बालपणाच्या आठवणींचे कौतुक आहे. मे महिन्याची सुट्टी, शेजाऱ्यांचा टीव्ही, चार भावंडांत एक रिमोट, म्हणून ते गोड लागते. आजच्या मुलीला हे दिले तर ती दहा मिनिटांत फोनकडे वळेल.

पूर्वेचा_पाहुणा
शंकेखोर, तुमचा मुद्दा इतरांना लागू असेल, मला लागू होत नाही. गेम जोडल्याने टीव्हीची पिक्चर ट्यूब जाते असा माझ्या वडिलांचा ठाम विश्वास होता, त्यामुळे बालपणी मी मारिओला हातही लावलेला नाही. मागच्या आठवड्यात मी चाळिशीचा नवखा म्हणून खेळलो. मला बांधून ठेवले ते एका गोष्टीने. खड्ड्यात पडलो की चूक माझीच होती हे त्याच क्षणी कळत होते, आणि ती कशी सुधारायची हेही कळत होते. फोनवरच्या गेममध्ये हरल्यावर नाणी विकत घ्यायला सांगतात.

आजोळ
पाहुणेसाहेब, तुम्ही फार मोठ्या सुखाला मुकलात. आम्ही मिरजेला आजीकडे ‘९९९९ इन १’ची कॅसेट लावून पूर्ण सुट्टी ‘कॉन्ट्रा’ खेळायचो. त्यात ९९९९ गेम नसून वीसेकच होते, बाकी तेच पुन्हा पुन्हा, पण मोजायला वेळ कोणाला होता? ‘कॉन्ट्रा’ घ्याच. दोघांना एकत्र खेळता येतो.

शेवटचा_डाव
आजोळ, त्यांनी बंदुका नको म्हटले आहे. शिवाय ‘कॉन्ट्रा’ हा धावत गोळ्या झाडण्याचा गेम आहे, उड्यांचा नाही.

आजोळ
त्यात उड्या नाहीत का? धबधब्याची पातळी तर वर वर उड्या मारतच चढायची असते. तुम्ही ती पार केली नसेल, एवढेच दिसते.

शेवटचा_डाव
केली आहे, आणि तीस जीवांची गुप्त कळ न वापरता केली आहे. फॅमिकॉम मिनीमध्ये ‘सुपर कॉन्ट्रा’ आहे, त्यामुळे तुमचेही समाधान होईल. हा वाद इथे थांबवतो.

सेगावाला
सगळे मारिओच्याच मागे का लागले आहेत? सेगा कंपनीचा १९९१ चा ‘सोनिक’ मुलांना जास्त आवडेल. एकच कृती, उडी, आणि तिन्ही बटणांनी तीच होते. सहा वर्षांच्या मुलाला दुसरे काही शिकावे लागत नाही. उतारावर वेग धरायचा, वळशातून उलटे फिरून बाहेर यायचे, त्यातला आनंद मारिओच्या मोजूनमापून टाकलेल्या पावलांत नाही. वाटेत गोळा केलेले एक जरी कडे हातात असले तरी शत्रू लागून सोनिक मरत नाही, कडी विखुरतात आणि त्यांतली काही परत गोळा करता येतात. मारिओपेक्षा हा हिशेब दयाळू आहे. सेगाचाच २०१९ चा मेगा ड्राइव्ह मिनी घ्यावा, ४२ गेम आहेत, एचडीएमआय आहे आणि रिमोट मोठ्या माणसांच्या हातांत मावतात.

ओसाकाकर
मिनी यंत्रे म्हणजे फोटोतले जेवण आहे. कॅसेट खटकन बसवण्याचे सुख त्यांत नाही. जपानीतही तिला ‘कासेत्तो’च म्हणतात, हे इथे आल्यावर कळले तेव्हा मला घरच्यासारखे वाटले होते.

धूळफुंक्या
आणि त्या कासेत्तोत फुंकर मारू नका, असे माझे नाव धूळफुंक्या असूनही सांगतो. तोंडातल्या ओलाव्याने आतल्या पट्ट्या गंजतात. कानकोरणीच्या कापसावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसावे. वीज २३० व्होल्टची आहे, हेही विसरू नका.

अनुस्वार
अजून कोणी फॅमिकॉम मिनी सुचवला आहे का ते पाहिले नाही, पण मी तोच सुचवीन. थेट एचडीएमआय आहे, फोनच्या चार्जरवर चालतो.
गेमांविषयी थोडे वेगळे सांगायचे आहे. माझ्या मुलीला मी पहिल्यांदा ‘रॉकमन २’ दिला आणि ती रडली. परदेशी आवृत्तीत सोपी पातळी निवडता येते, जपानी कॅसेटमध्ये निवड नाही, थेट अवघडच असते. आठ शत्रूंपैकी कोणाकडेही आधी जाता येते आणि एकाकडून मिळालेले शस्त्र दुसऱ्यावर चालते, ही त्याची खरी मजा आहे, पण ती बारा-तेरा वर्षांच्या मुलांना कळेल. ‘ड्रॅक्युला’त एकदा उडी मारली की हवेत दिशा बदलता येत नाही. ती शिस्त मला आवडते, मुलांना ती शिक्षा वाटते. लहान मुलांसाठी सुरुवात कर्बीने करावी. मासाहिरो साकुराई यांनी तो नवख्यांसाठी म्हणूनच रचला होता. खड्डा आला की गाल फुगवून उडत जायचे, पडण्याची भीती जवळपास नाहीच. भाचीला मात्र १९८८ चा ‘मारिओ ३’ द्या. सुरुवातीलाच पडदा वर जातो, पुढे अधांतरी ठोकळ्यांच्या सावल्या मागच्या भिंतीवर पडतात, काही फळ्या स्क्रूने ठोकलेल्या दिसतात आणि पातळी संपताना मारिओ रंगमंचाच्या कडेला अंधारात शिरतो. हा सगळा खेळ म्हणजे एक नाटक आहे, असे मियामोतो यांनीही मान्य केले आहे. आपल्या घरांत तिसऱ्या घंटेची ओढ कोणाला समजावून सांगावी लागत नाही.
‘मारिओ २’ शोधताना सावध राहा. जपानमध्ये १९८६ ला त्या नावाने निघालेला डिस्कवरचा गेम जीवघेणा अवघड आहे, त्यात विषारी अळंबीही आहे. परदेशात ज्याला ‘मारिओ २’ म्हणतात तो जपानमध्ये १९९२ ला ‘सुपर मारिओ यूएसए’ या नावाने आला.

आजोळ
कर्बी शत्रूला गिळून त्याची शक्ती घेतो, तोच ना? तो माझ्या पुतण्याला फार आवडतो.

अनुस्वार
शक्ती घेणे १९९३ च्या भागापासून सुरू झाले. गेम बॉय या हातात धरून खेळायच्या यंत्रावरच्या, १९९२ च्या पहिल्या कर्बीत फक्त ओढायचे आणि थुंकायचे असते.

शेवटचा_डाव
आणखी एक सांगायचे राहिले. नव्या टीव्हीत चित्र किंचित उशिरा उमटते, त्यामुळे बटण आणि उडी यांचा मेळ बसत नाही आणि मुले उगाचच स्वतःला दोष देतात. टीव्हीच्या सेटिंगमध्ये ‘गेम मोड’ असेल तर तो आधी चालू करा. यंत्र कोणतेही घ्या, हे मात्र कराच.

शंकेखोर
दहा मिनिटे. माझे शब्द लिहून ठेवा.

पूर्वेचा_पाहुणा (दिवाळीनंतर)
सर्वांचे मनापासून आभार, आणि आधीच क्षमा मागतो, कारण मी कोणाचेच ऐकले नाही. फॅमिकॉम मिनी घ्यायला गेलो होतो. तो हातात घेतला आणि बहिणीच्या घरची संध्याकाळ डोळ्यांसमोर आली. सात ते दहा मालिका, त्यानंतर मेहुण्यांचे क्रिकेट. तो टीव्ही मुलांच्या वाट्याला येणारच नव्हता, तेव्हा एचडीएमआयची अट मी कशाला घातली होती, हे माझे मलाच कळेना. शेजारच्या काचेच्या कपाटात १९९६ चा गेम बॉय पॉकेट होता. तो ५,४०० येनला घेतला. सोबत ‘सुपर मारिओ लँड’ आणि पहिला कर्बी, या दोन कॅसेट पेटीविना मिळून ४,२०० येन झाले. दोन पेन्सिल सेलवर चालतो, त्यामुळे १०० व्होल्ट आणि २३० व्होल्ट हा प्रश्नच उरला नाही. सेल म्हणजे ते बारीक, टीव्हीच्या रिमोटमधले.
पहिल्या दिवशी भाचीने पडद्याला बोट लावून तो सरकवायचा प्रयत्न केला. पडद्यात दिवा नाही हे मी विसरलो होतो, म्हणून दोघेही दुपारभर खिडकीत बसून होते. जीव गेला की यंत्र दुसऱ्याच्या हाती, असा नियम त्यांनी स्वतःच केला. ‘सुपर मारिओ लँड’मध्ये फक्त बारा पातळ्या आहेत. तिसऱ्या दिवशी त्या पार झाल्या, पण त्या पार करणारी भाची नव्हती. माझे वडील, म्हणजे पिक्चर ट्यूबवाले, रात्री ट्यूबलाइटखाली चष्मा लावून बसले होते. आता मुले यंत्र परत मागतात आणि वडील ‘एवढा पाइप झाला की देतो’ असे म्हणतात.

ओसाकाकर
करड्या पडद्यावर मारिओ म्हणजे काय ते माझ्या आकलनापलीकडे आहे. नवा फॅमिकॉम घेतला असता तर आजोबांना रंगांत खेळता आला असता.

शंकेखोर
मी मुलांबद्दल बोललो होतो. आजोबांबद्दल काही बोललो नव्हतो.

धूळफुंक्या
सेल संपत आले की लाल दिवा मंदावतो, तेव्हा आजोबांना सांगून ठेवा. त्या मारिओत खेळ जतन होत नाही, त्यामुळे मध्येच बंद पडला तर पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल. कर्बी पाच पातळ्यांत संपला की सुरुवातीच्या पाटीवर वरची दिशा, ए आणि सिलेक्ट एकत्र दाबायला लावा, अवघड खेळ उघडतो. तो भाचीलाच सांगा, आजोबांना नको.