दोन क्लस्टर, एक लॉगिन कसं जमवायचं? (एकाच्या फायली दुसऱ्याने उडवल्या)

नोडवाला_जळगाव

राम राम मंडळी. जळगावात एका कॉलेजात लॅबचं बघतो, पद म्हणाल तर टेक्निशियन, काम म्हणाल तर जे पडेल ते. आमच्याकडे दोन क्लस्टर आहेत (एकत्र काम करणाऱ्या कॉम्प्युटरचा गट, त्यातलं एकेक मशिन म्हणजे नोड). जुना ८ नोडचा, त्याच्यावर एका सिनियरने कधीकाळी एनआयएस (युझर-पासवर्डची यादी सगळ्या मशिनना वाटणारी जुनी पद्धत) लावून ठेवलंय आणि ते तसंच चालू आहे, आणि नवा १२ नोडचा, तिथे मी हाताने युझर बनवतो आणि पासवर्डची फाइल सगळ्या नोडवर कॉपी करतो (हसू नका). दोन्हीवर स्लर्म आहे, म्हणजे पोरांचे जॉब रांगेत लावून चालवणारा प्रोग्रॅम. युझर सगळे मिळून ३१.

आता झालं असं की पोरांना दोन्हीकडून डेटा दिसावा म्हणून मागच्या महिन्यात एक स्क्रॅच डिस्क (तात्पुरत्या फायलींची) एनएफएसने, म्हणजे नेटवर्कवरून, दोन्ही क्लस्टरवर माउंट केली. चार दिवस मजेत. पाचव्या दिवशी एमएससीची एक पोरगी आली, सर माझं फोल्डर रिकामं आहे. बघतो तर डिलीट करणारा दुसराच, फिजिक्सचा पोरगा, तो म्हणतो मला माझ्याच नावावर दिसत होतं, जागा भरली म्हणून जुनं म्हणून उडवलं. आणि तो खोटं बोलत नव्हता! जुन्या क्लस्टरवर त्याचा युआयडी (युझरचा आकडा) १००३, नव्यावर तिचा १००३.

बॅकअप नव्हता, स्क्रॅच आहे ना. आता दोन्हीकडे एकच लॉगिन पाहिजे, एकच पासवर्ड. एनआयएसच नव्या क्लस्टरवर पण वाढवू का? की एलडॅप (युझरची एकच मध्यवर्ती यादी)? लिंकवर लिंक टाकू नका भो, ज्याने स्वतः केलंय त्याने सांगा.

तापीकाठ

काय व्हयनं भो, वाचूनच पोटात गोळा आला.

एनआयएस वाढवू नको. ते सन मायक्रोसिस्टिम्सचं १९८० च्या दशकातलं, त्याचं मूळ नाव यलो पेजेस, म्हणून त्याच्या कमांड अजून वायपीने सुरू होतात. लॅबमधला कोणताही पोरगा वायपीकॅट कमांड मारून सगळ्यांच्या पासवर्डचे हॅश (पासवर्डचं गुप्त रूप, त्यावरून तो फोडता येतो) बघू शकतो, आत्ता जाऊन मारून बघ. आणि रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स ९ पासून त्याची पॅकेजच काढून टाकलीत, म्हणजे नव्या क्लस्टरवर त्याचंच फुकट भावंड रॉकी ९ वगैरे असेल तर विषयच संपला.

पण तुझा खरा घोळ पासवर्डचा नाहीच. सातबाऱ्यावर नाव कोणाचं का असेना, मोजणीवाला गट नंबर बघतो. एनएफएस पण तसंच, साध्या सेटिंगमध्ये त्याला नाव कळतच नाही, फक्त आकडा कळतो. दोन गावांत गट नंबर १००३ आहे आणि तू दोन्ही गावांचं दप्तर एकाच तलाठ्याकडे दिलं. उद्या एलडॅप लावलं आणि आकडे तसेच ठेवले तर हेच परत होणार, फक्त पासवर्ड तेवढा एक असेल. म्हणून आधी आकडे.

नवे आकडे दोन्हीकडे कधीच न वापरलेल्या रेंजमधून घे, समज २०००१ पासून. तिला १००३ राहू दे आणि त्याला १००४ दे असलं करू नको, कारण १००४ वर तिसराच कोणी बसलेला असतो, मग अर्ध्या रात्री कोणाचं काय ते कळत नाही. रांगेतले जॉब संपू दे, लॉगिन बंद कर, मग प्रत्येक डिस्कच्या सर्व्हरवर बसून जुना आकडा शोधून नवा चढव. नोडवरून करायला जाशील तर रूट स्क्वॉश अडवेल (नोडवरच्या रूटला, म्हणजे मुख्य अ‍ॅडमिनला, डिस्कवर अधिकार न देणारी सेटिंग). युझरमॉड कमांडने आकडा बदलला की काम झालं असं समजू नको, ते फक्त होम फोल्डर बदलतं, बाहेरच्या फायली तशाच राहतात. ग्रुपचे आकडे विसरू नको, सगळे विसरतात.

मग फ्रीआयपीए लाव, एलडॅप आणि केर्बेरॉस (पासवर्ड तपासून तिकीट देणारी पद्धत) दोन्ही एकत्र मिळतं, नोडवर त्याच्याशी बोलायला एसएसएसडी. इन्स्टॉल करतानाच आयडी कुठून सुरू करायचा ते सांग, नाहीतर ते स्वतःच कुठलातरी भला मोठा आकडा धरतं. सर्व्हर दोन ठेव, एकावर विसंबू नको. रूट मात्र प्रत्येक मशिनवर लोकलच, तोही एलडॅपवर टाकलास तर सर्व्हर पडल्यावर आत कसा जाशील.

यावलचा_पोरगा

३१ युझरसाठी फ्रीआयपीए म्हणजे चार माणसांच्या भरीताला लग्नाचं पातेलं. आम्ही एक यादी ठेवतो, नाव आणि युआयडी, अ‍ॅन्सिबलने सगळ्या नोडवर ढकलतो, झालं. सर्व्हर नाही, सर्टिफिकेट नाही, डोक्याला ताप नाही.

तापीकाठ

@यावलचा_पोरगा चालतं, नाही म्हणत नाही. पण नोड बंद असताना यादी ढकलली तर तो मागे राहतो, आणि पोरगा पास होऊन गेला की त्याला काढायचं कोण लक्षात ठेवणार? पासवर्ड बदलायला पण प्रत्येक जण तुझ्याच टेबलापाशी येणार. यादीत आकडे पक्के आहेत हे मात्र बरं, अर्धं काम तिथेच होतं.

भुसावळ_जंक्शन

वरच्यात एक भर, कारण याच्यात मी स्वतः तोंडावर पडलोय.

केर्बेरॉसला घड्याळ लागतं. सर्व्हर आणि नोडमध्ये ५ मिनिटांच्या वर फरक पडला की तो सरळ नाही म्हणतो. स्लर्मचं मंज (नोडना एकमेकांची ओळख पटवणारं) पण तसंच, त्याचं क्रेडेन्शियल, म्हणजे ओळखपत्र, ३०० सेकंदच चालतं. आमच्याकडे मे महिन्यात दुपारी लाइट गेली, बाहेर ४५ अंश, यूपीएसने वीस मिनिटं दम धरला आणि सोडला. लाइट आल्यावर सगळं चालू झालं पण लॉगिन कोणाचंच होईना. मी दोन तास एलडॅपचे लॉग वाचतोय, पासवर्ड रीसेट करतोय, सर्टिफिकेट बघतोय. शेवटी सहज म्हणून तारीख बघितली तर हेड नोड (क्लस्टरचं मुख्य मशिन) कित्येक वर्षं मागे! मदरबोर्डवरचा सीआर२०३२ नंबरचा बटण सेल मेलेला, आणि बाकी नोड वेळ हेड नोडकडूनच घेत होते म्हणून सगळे मिळून चुकले, लॉगिन सर्व्हर तेवढा बरोबर. तो सेल घड्याळाच्या दुकानात मिळतो, चिल्लर किमतीत. तर क्रॉनी (घड्याळ जुळवणारा प्रोग्रॅम) लाव, त्याला बाहेरचा सोर्स दे, आणि सेल तपास.

दुसरं, होम फोल्डरच्या एनएफएसला केर्बेरॉस लावू नको. केर्बेरॉसचं तिकीट साधारण एक दिवस चालतं, पोरांचे जॉब तीन-तीन दिवस, तिकीट संपलं की जॉब मध्येच फाइल लिहायला जातो आणि परवानगी नाही म्हणून मरतो. लॉगिनपुरतं ठेव.

तिसरं, पोरांच्या एसएसएच चाव्या, म्हणजे पासवर्ड न टाकता लॉगिन करून देणाऱ्या फायली. पासवर्ड लॉक केला तरी पास झालेला पोरगा चावीने आत येऊ शकतो, म्हणून अकाउंटच डिसेबल कर आणि नंतर चावीने घुसून बघ, अडवतंय का ते. मे २०२० मध्ये युरोपातले कितीतरी सुपरकॉम्प्युटर बंद ठेवावे लागले होते, एडिनबरोचा आर्चर पण त्यात, कारण चोरलेले एसएसएच लॉगिन. एका क्लस्टरवर घुसला की त्याच चाव्यांनी दुसऱ्यावर. तू दोन क्लस्टर जोडतोयस म्हणून सांगतोय.

नोडवाला_जळगाव

उशिरा लिहितोय, परीक्षा चालू होत्या.

वायपीकॅट मारलं. माझाच हॅश पहिल्या स्क्रीनवर.

आकडे २०००१ पासून दिले, होम सरळ झालं, एक शनिवार गेला. फ्रीआयपीए दोन सर्व्हरवर उभं आहे, पासवर्ड सगळ्यांना टेबलावर बोलावून नवे दिले, जुने हॅश आणायच्या भानगडीत पडलो नाही. हेड नोडचा सेल खरंच मेलेला निघाला भुसावळवाले दादा, कॉलेजसमोरच्या दुकानातून आणला.

अडकलो ते स्क्रॅचवर. तिथे १००३ च्या फायली दोघांच्या मिसळलेल्या, आकडा एकच, मग कोणाच्या कशा ओळखणार? शेवटी एक युक्ती सापडली, स्लर्मची आउटपुट फाइल जॉब नंबरने पडते. जुन्या क्लस्टरचे नंबर ४० हजारांच्या पुढे, नव्याचे अजून ३ हजारही नाहीत. फोल्डरमध्ये ती फाइल दिसली की मालक ठरला. असेच आणखी पाच आकडे दोन्हीकडे होते, त्यांचंही तसंच केलं.

तरी ६० एक जीबी उरलंय ज्याच्यात आउटपुट फाइलच नाही. ते रूटच्या नावावर करून ठेवलंय आणि लॅबच्या दारावर फोल्डरच्या नावांचा कागद चिकटवलाय. आत्तापर्यंत दोघं आले, दोघंही एकाच फोल्डरवर बोट ठेवून गेले.