मदत हवी आहे: दारव्हा आणि दिग्रस मतदारसंघांचा इतिहास एका तक्त्यात मांडायचा कसा?

नमस्कार मंडळी,

गाव दारव्हा तालुक्यातलं, जिल्हा यवतमाळ. आमच्या वाचनालयात विधानसभा निवडणुकांचा एक मोठा तक्ता लावायचा आहे. स्पर्धा परीक्षेची पोरं रोज तिथे बसतात. शेजारच्या पुसदचे आमदार विचारले की वसंतराव, सुधाकरराव, मनोहरराव, इंद्रनील अशी नाईक घराण्यातली नावं धडाधड सांगतात. आपला स्वतःचा मतदारसंघ विचारला की गप्प. हे मला फार लागतं, म्हणून हा खटाटोप.

गाडी अडते ती २००९ पाशी. २००४ पर्यंत दारव्हा हा स्वतंत्र मतदारसंघ होता. १९८५ पासून माणिकराव ठाकरे सलग निवडून येत होते, २००४ ला शिवसेनेच्या संजय राठोडांनी त्यांना पाडलं. मग २००८ ची मतदारसंघांची पुनर्रचना आली. विदर्भाच्या जागा ६६ वरून ६२ झाल्या, आपल्या जिल्ह्याच्या ८ वरून ७, आणि पुसल्या गेलेल्या नावांत आपलं दारव्हाही होतं. आता आम्ही दिग्रसमध्ये, क्रमांक ७९.

बरेच जण दारव्ह्याच्या यादीखाली सरळ दिग्रसची यादी चिकटवतात. मला ते पटत नाही. दिग्रस मतदारसंघ तेव्हाही होताच की! तिथून १९९९ आणि २००४ ला संजय देशमुख अपक्ष निवडून आले होते. म्हणजे २००९ ला दोन शेजारचे आमदार एकाच जागेसाठी समोरासमोर आले आणि राठोड जिंकले. एकच रांग केली तर ही लढतच दिसेनाशी होते. पुढे २०१४, २०१९, २०२४ राठोडच. २०२४ ला समोर पुन्हा माणिकराव, म्हणजे जुन्या दारव्ह्याचे दोन आमदार दिग्रसच्या मैदानात. देशमुख त्याच वर्षी यवतमाळ-वाशिममधून लोकसभेत गेले.

दुसरी गोष्ट गावच्या मतांची. गावातल्या एका आजोबांनी बरीच वर्षं मतदान प्रतिनिधी म्हणून काम केलं. त्यांच्या लाल चोपडीत केंद्रावर किती बाया, किती माणसं मतदान करून गेली ते पेन्सिलीनं लिहिलेलं आहे. पण कोणाला किती मतं पडली ते नाही. कागदी मतपत्रिकांच्या काळातले केंद्रनिहाय आकडे कुठे मिळतील? आणि १९५२ चा निकाल महाराष्ट्राच्या यादीत सापडतच नाही, तो कुठे शोधू? जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद

भाऊ, १९५२ साठी मध्य प्रदेश विधानसभेचा अहवाल उघडा. तेव्हा आपण त्या राज्यात होतो, राजधानी नागपूर. १९५७ साठी मुंबई राज्य बघा. महाराष्ट्राचे अहवाल १९६२ पासून. हे सगळे निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर आहेत, मतदारसंघनिहाय.

केंद्रनिहाय मतं ‘नमुना २०’ मध्ये, म्हणजे अंतिम निकालाच्या तक्त्यात असतात. पण मतपत्रिकांच्या काळात अनेक निवडणुकांत मोजणीआधी वेगवेगळ्या केंद्रांच्या मतपत्रिका एकत्र मिसळत, कोणत्या गावानं कोणाला मत दिलं हे कळू नये म्हणून. तिथे गावचा आकडा निघणारच नाही, त्यामागे लागू नका. २००४ ला राज्यभर मतदान यंत्रं आली, तिथून पुढचे नमुने जिल्हा निवडणूक शाखेत मागा. आजोबांची चोपडी मात्र जपा, आधी पानापानाचा फोटो काढून ठेवा.

तक्त्याचं तुमचं बरोबर आहे. २००४ पर्यंत दारव्हा आणि दिग्रस असे दोन रकाने करा, २००९ पासून एक. फक्त पुनर्रचनेच्या आदेशात तुमचं महसूल मंडळ कुठे टाकलंय ते वाचून घ्या. तालुक्याच्या नावावरून मतदारसंघ धरला तर फसगत होते.

धागाकर्ता

धन्यवाद भाऊ. दोन रकान्यांचंच करतो. आदेशाची प्रत सोमवारी तहसीलमधून घेतो. १९७८ च्या आधी आमचं गाव दारव्ह्यातच होतं का, हे कोणाला खात्रीनं माहीत असेल तर इथेच लिहा.