चर्चा: बुडणाऱ्या पुलांचा नकाशा लाल-हिरव्या रंगांतच असावा का?

दूधगंगाकाठ (निपाणी तालुका)

पावसाळ्यात कृष्णा, दूधगंगा आणि वेदगंगा पात्राबाहेर पडल्या की कल्लोळ-येडूर, मलिकवाड-दत्तवाड, जत्राट-भिवशी यांसारखे सखल पूल पाण्याखाली जातात, आणि कोणत्या वाटेने जाता येईल हे पाहण्यासाठी आपण मोबाईलवर नकाशा उघडतो. अशा नकाशांवर सुरू पूल हिरवा आणि बंद पूल लाल दाखवण्याची जी सरधोपट पद्धत पडली आहे, ती सोडावी असे माझे मत आहे. लाल-हिरव्यातला फरक न कळणारी माणसे आपण समजतो तितकी विरळ नाहीत. युरोपीय वंशाच्या पुरुषांत हे प्रमाण सुमारे ८ टक्के, तर स्त्रियांत सुमारे ०.५ टक्के आढळते. आपल्याकडचे प्रमाण त्याहून कमी धरले, तरी हा दोष एक्स गुणसूत्रावरून येत असल्यामुळे तो मुख्यतः पुरुषांत दिसतो, आणि पुराच्या दिवसांत दुधाची गाडी, ट्रॅक्टर किंवा वडाप (प्रवासी वाहतुकीची खासगी गाडी) घेऊन रस्त्यावर असणारे बहुतेक पुरुषच असतात.

दुसरा मुद्दा उजळपणाचा आहे. पडद्यावरचा भडक लाल आणि सर्रास वापरला जाणारा गडद हिरवा यांच्यातील कॉन्ट्रास्टचे, म्हणजे उजळपणातील फरकाचे, गुणोत्तर काढले (१:१ म्हणजे काहीच फरक नाही) तर ते जेमतेम १.३:१ भरते. वेबसुलभतेच्या डब्ल्यूसीएजी २.१ या २०१८ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार अर्थ सांगणाऱ्या चिन्हांचा लगतच्या रंगाशी किमान ३:१ इतका कॉन्ट्रास्ट असावा लागतो, आणि केवळ रंगावर माहिती सोडू नये असेही त्यांत स्पष्ट सांगितले आहे. म्हणून सुरू पूल निळा आणि बंद पूल नारिंगी दाखवावा, असे मी सुचवतो.

चिक्कोडीकर

आपला हेतू चांगला आहे, परंतु उपाय मला घातक वाटतो. हवामान खात्याचे हिरवा, पिवळा, नारिंगी आणि लाल हे इशारे आज खेड्यापाड्यांत पोहोचले आहेत. रेड अलर्ट म्हणजे काय, हे शाळकरी पोरालाही विचारावे लागत नाही. त्या क्रमात नारिंगीचा अर्थ ‘तयारीत राहा’ असा आहे, ‘पुढे जाऊ नका’ असा नव्हे. म्हणजे सकाळी नारिंगी इशारा वाचून घराबाहेर पडलेला माणूस दुपारी आपल्या नकाशावर नारिंगी पूल पाहील आणि सांभाळून गेले तर चालेल, असे समजून त्यावर गाडी घालेल. पाणी दाराशी आलेले असताना लोकांना नवी रंगभाषा शिकवत बसणे हा सुशिक्षितांचा हट्ट आहे.

भूगोल शिक्षक, खानापूर

दोघांशीही मी अर्धाच सहमत आहे. लाल म्हणजे धोका हा संकेत नकाशाशास्त्रात पूर्वापार चालत आलेला आहे, असे मानण्याचे कारण नाही. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या स्थलनिर्देशक नकाशांत वस्त्या आणि रस्ते लाल रंगात असतात, वने हिरवी, शेतजमीन पिवळी आणि समोच्चरेषा तपकिरी; तिथे लाल पाहून कोणी दचकत नाही. मात्र त्याच नकाशांत पाणी निळे असते, आणि नेमका हाच आक्षेप दूधगंगाकाठ यांच्या सूचनेवर आहे. पुराच्या नकाशावर नदी निळी, पसरलेले पाणी निळे आणि त्यातून जाणारा सुरू पूलही निळा दाखवला, तर तो पूल पाण्यात विरघळून जाईल. रंगांधांसाठी निळा-नारिंगी ही जोडी एरवी उत्तम आहे, पण ती कुठे वापरायची हे नकाशाचा विषय ठरवतो, नियमांचे पुस्तक नव्हे.

शहापूर, बेळगाव

मला स्वतःला लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नाही, म्हणून दोन शब्द लिहितो. लोक समजतात तसे आम्हांला जग काळे-पांढरे दिसत नाही. मला हिरवा आणि नारिंगी हे दोन्ही एकाच मळकट पिवळसर छटेचे वाटतात आणि लाल तर इतका काळपट दिसतो, की गडद वनक्षेत्रावरून गेलेली लाल रेघ मला रेघ म्हणून जाणवतच नाही. रहदारीच्या दिव्यांची अडचण येत नाही, कारण लाल वर आणि हिरवा खाली असतो. नकाशावर असा वरचा-खालचा काहीच आधार नसतो.

तरीही लाल काढून टाका, असे मी म्हणणार नाही. इतरांना तो उपयोगी पडत असेल तर जरूर ठेवा, फक्त बंद पुलावर एक ठसठशीत फुली मारा. काही नकाशांत रंगांधांसाठी वेगळी सोय सेटिंगच्या तिसऱ्या पानावर दडवलेली असते, तशी मात्र करू नका. ती शोधायला सवड असती, तर मी नकाशा न पाहता कोणाला तरी फोनच केला असता.

चिक्कोडीकर

फुलीची सूचना ऐकायला सोपी आहे. निपाणी आणि चिक्कोडी तालुक्यांतील बंद पूल एकाच पडद्यावर पाहायचे ठरवले, तर ते इतके जवळजवळ आहेत की फुल्यांवर फुल्या बसतील आणि कोणती फुली कोणत्या पुलाची हेच समजणार नाही. रंगीत ठिपका निदान लहान जागेत मावतो.

नकाशे बनवणारा, टिळकवाडी

ही अडचण खरी असली तरी तिच्यावर तोड आहे. नकाशा दूर नेला की जवळजवळचे पूल एकत्र करून ‘बंद ४’ असा एकच आकडा दाखवायचा आणि जवळ आणला की फुल्या सुट्या करायच्या. नकाशाच्या बहुतेक साधनांत ही सोय तयार मिळते.

मला खरी खोड दिसते ती पिवळ्यात. पांढऱ्या पार्श्वभूमीवर शुद्ध पिवळ्याचा कॉन्ट्रास्ट सुमारे १.०७:१ येतो, म्हणजे ‘पाणी चढत आहे’ हे सांगणारी रेघ धडधाकट डोळ्यांनाही भर उन्हात दिसत नाही. तिला दोन्ही बाजूंनी गडद किनार दिली की काम होते. हाच विचार पुराच्या पाण्याच्या खोलीबाबत करावा लागतो. तिथे अजूनही इंद्रधनुष्यासारखी रंगमाला वापरली जाते आणि मधला पिवळा पट्टा सर्वांत उजळ असल्यामुळे तेथेच काहीतरी विशेष आहे असा भास होतो, प्रत्यक्षात पाणी मात्र सावकाश खोल होत गेलेले असते. उजळपासून गडदकडे एकाच दिशेने जाणारी छटांची माला घेतली तर कमी-अधिक खोली रंगांधालाही वाचता येते, आणि कोणी ग्रामपंचायतीच्या फलकावर काळ्या-पांढऱ्या झेरॉक्सची प्रत लावली तरी अर्थ टिकतो. नकाशातज्ज्ञ सिंथिया ब्रूअर यांच्या ‘कलरब्रूअर’ या संकेतस्थळावर अशा माला तयार मिळतात. रंगांधांना चालणाऱ्या आणि झेरॉक्सला टिकणाऱ्या माला तेवढ्या निवडून पाहण्याची सोयही तिथे आहे.

नावांविषयीही थोडे सांगतो. देवनागरी आणि कन्नड या दोन्ही लिप्यांत अक्षराच्या वर-खाली चिन्हे येतात. इंग्रजीच्या मापाने अक्षर लहान ठेवले तर वेलांटी आणि उकार रस्त्याच्या रेघेत मिसळतात, म्हणून अक्षर थोडे मोठे घ्यावे आणि त्याभोवती पांढरी कड ठेवावी.

लाल-हिरव्याच्या वादावर माझे मत असे, की हिरवा काढावा आणि लाल ठेवावा. सुरू पुलाला रंगच कशाला हवा? तो साध्या राखाडी रेघेने दाखवावा, म्हणजे बंद पूल आपोआप उठून दिसतील.

दूधगंगाकाठ (निपाणी तालुका)

निळ्या रंगाविषयी खानापूरच्या गुरुजींनी घेतलेला आक्षेप मला पटला, परंतु राखाडीची ही सूचना मला सर्वांत धोक्याची वाटते. ज्या पुलाची माहितीच आलेली नाही, तो कसा दाखवणार? तोही राखाडीच राहिला, तर ‘सुरू’ आणि ‘ठाऊक नाही’ यांत काही भेदच उरणार नाही. कोयना धरणातून किंवा कृष्णेवरच्या राजापूर बंधाऱ्यावरून विसर्ग वाढला की रात्रीत चित्र पालटते. संध्याकाळी सुरू असलेला पूल पहाटे पाण्याखाली असतो आणि नकाशावरची राखाडी रेघ मात्र तशीच निर्धास्त दिसत राहते. सुरू पुलाला स्वतःची खूण हवीच, मग ती भरीव वर्तुळाची असो किंवा बरोबरच्या (✓) चिन्हाची. माहिती नसलेल्या पुलाला तुटक रेघ आणि प्रश्नचिन्ह द्यावे.

चिक्कोडीकर

तुटक रेघ मला मान्य आहे, आणि लाल राहणार असेल तर फुलीलाही माझी हरकत नाही. मात्र प्रत्येक खुणेवर बोट ठेवताच ती माहिती किती वाजताची आहे हे दिसले पाहिजे, आणि ठरावीक तासांत नवी माहिती आली नाही तर बरोबरचे चिन्ह आपोआप प्रश्नचिन्हात बदलले पाहिजे. ते तास किती असावेत, हे नदीकाठच्या गावांतील लोकांनी इथे लिहावे. बेळगावात बसून ते ठरवता येणार नाही.