गाडी खाली बसवणं आणि स्पेसर: हँडलिंग खरंच सुधारतं का?

वळणवेडा
महिन्यापूर्वी माझ्या टोयोटा जीटी८६ ला ३० मिमी खाली बसवणाऱ्या स्प्रिंग टाकल्या आणि चारही चाकांना १५ मिमीचे स्पेसर (चाक बाहेर सरकवणाऱ्या चकत्या) लावले. मित्र म्हणतो, चांगली गाडी बिघडवलीस. मला पटत नाही. गुरुत्वमध्य खाली आला, ट्रॅक (डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर) ३० मिमीने रुंद झाला, वळणात गाडी पूर्वीपेक्षा कमी झुकते. आधी चाकं कमानीत आत दडलेली वाटायची, आता कडेला भरून दिसतात. पार्क करून निघालो की मागे वळून बघतोच. दिसणं हेही कारण आहे, आणि ते मी लपवत नाही.

लोअर_आर्म
दिसण्याबद्दल वाद नाही. हँडलिंगबद्दल आहे.

या गाडीचा गुरुत्वमध्य मुळातच ४६-४८ सेंमीवर आहे. त्यातले ३ सेंमी गेले, म्हणजे वळणात बाहेरच्या चाकांवर जाणारं वजन सहा टक्क्यांच्या आसपास कमी झालं. ट्रॅक रुंद झाल्याने आणखी दोन टक्के. हा फायदा खरा आहे. पण पुढे मॅकफर्सन स्ट्रट आहेत, म्हणजे चाक वरून शॉक-स्प्रिंगच्या खांबाने आणि खालून लोअर आर्म या दांड्याने धरलेलं. गाडी खाली आली की लोअर आर्मची बाहेरची टोकं वर जातात आणि रोल सेंटर (वळणात गाडी ज्या बिंदूभोवती झुकते तो) गुरुत्वमध्यापेक्षा जास्त खाली घसरतं. दोघांमधलं अंतर वाढतं, आणि गाडीला झुकवणारी तरफ तेवढीच लांब होते. तुमची गाडी कमी झुकते ती नव्या स्प्रिंग कडक आहेत म्हणून. खाली बसली म्हणून नाही.

दुसरं, ट्रॅव्हल, म्हणजे चाकाला वर-खाली हलायला मिळणारी जागा. दबायला ७० मिमी जागा होती असं धरा, आता ४० राहिली. तोच धक्का तेवढ्या जागेत जिरवायचा तर स्प्रिंग जवळजवळ तिप्पट कडक हवी. बाजारातल्या लोअरिंग स्प्रिंग त्याच्या जवळपासही नसतात. मग वळणाच्या मध्यात खड्डा आला की गाडी बंप स्टॉपवर (शॉकच्या शेवटच्या रबरी अडथळ्यावर) बसते, त्या चाकाची ग्रिप एकदम तुटते. कंपनीच्या शॉकवरच टाकल्यात का?

वळणवेडा
हो, शॉक कंपनीचेच.

टॉर्करेंच
स्प्रिंगबद्दल लोअर_आर्म यांच्याशी सहमत, पण स्पेसरला उगाच बदनाम करू नका. पोर्शे स्वतः ९११ साठी ५ मिमीचे स्पेसर ॲक्सेसरी म्हणून देत आली आहे. स्पेसर हब-सेंट्रिक (हबच्या मधल्या उंचवट्यावर नेमका बसणारा) हवा, हबचा गंज ब्रशने घासून काढलेला हवा, आणि नट पुरेसा चढायला हवा. तुमचे स्टड (नट चढतो ते आटेदार दांडे) एम१२ x १.२५ आहेत, म्हणजे व्यास १२ मिमी आणि एका फेऱ्याला १.२५ मिमी. किमान व्यासाएवढा आटा धरायला हवा, म्हणजे साडेनऊहून थोडे जास्त फेरे. नट हाताने चढवा आणि मोजा. मी एकदा एका गाडीचं चाक काढलं, नट पाचव्या फेऱ्यातच हातात आला. मालक तशीच गाडी हायवेवर चालवत होता. आजही आठवलं की पोटात गोळा येतो. आणि ५०-१०० किमी चालवून पुन्हा टॉर्क तपासा, हे बहुतेक जण विसरतात.

लोअर_आर्म
नट घट्ट असला तरी भूमिती बदलतेच. टायरचा जमिनीवरचा ठसा स्टिअरिंगच्या अक्षापासून १५ मिमी बाहेर सरकला. एक चाक ओल्या पट्ट्यावर, दुसरं कोरड्यावर असताना ब्रेक मारून बघा, स्टिअरिंग हाताला ओढ देईल. व्हील बेअरिंगवरची तरफही वाढली.

टॉर्करेंच
कमी ऑफसेटचे, म्हणजे चाक बाहेर काढणारे, रुंद रिम लावले तरी हेच होतं, त्याला कोणी नावं ठेवत नाही. १५ मिमीची ओढ सवयीने सांभाळता येते. गेलेला बंप ट्रॅव्हल (दबायची जागा) कुठल्याच सवयीने परत येत नाही.

वळणवेडा
आज सकाळी चाकं काढली. स्टड लांब टाकलेले आहेत, दहा फेरे पूर्ण बसले, ती काळजी मिटली. पण डाव्या पुढच्या बंप स्टॉपची खालची कड चेपून चकचकीत झाली आहे, आणि टायरच्या आतल्या खांद्यावर बोट फिरवलं तर करवतीसारखं लागतं. स्प्रिंग टाकल्यावर अलाइनमेंट केलीच नव्हती, ही माझी चूक.

स्पेसर काढणार नाही. स्प्रिंगच्या जागी १५ मिमीच खाली आणणारा, शॉकसकट जुळवलेला सेट बघतो. पुढे रोल सेंटर सुधारणारे लांब बॉल जॉइंट (लोअर आर्मच्या बाहेरच्या टोकाचे सांधे) कोणी लावले आहेत का? बंप स्टिअरवर (खड्ड्यात चाक आपोआप वळण्यावर) काय परिणाम झाला?

लोअर_आर्म
मी लावलेत. टाय रॉडचं (चाक वळवणाऱ्या दांड्याचं) टोकही तेवढंच खाली घ्यावं लागतं, नाहीतर खड्ड्यात टो (चाकांचा आत-बाहेर वळलेला कोन) बदलतो. आधी अलाइनमेंट करा आणि टोचे आकडे इथे टाका.