लायबिलिटीला जबाबदारी म्हणायचं का? (विमानातल्या डॉक्टरवरून पडलेला प्रश्न)

मागच्या महिन्यात वहिनी नाशिकच्या ओझर विमानतळावरून दिल्लीला चालली होती. ती डॉक्टर आहे, गंगापूर रोडला दवाखाना. अर्ध्या तासात अनाउन्समेंट झाली, कोणी डॉक्टर असेल तर पुढे या, एका आजोबांना दरदरून घाम आणि चक्कर. हिने स्टेथोस्कोप लावला तर इंजिनच्या घरघरीत काही म्हणजे काही ऐकू येईना, मग मनगटाच्या नाडीवर बोटं ठेवून बीपीचा पट्टा फुगवला, हवा सोडताना नाडी जिथे परत लागली तो वरचा आकडा धरला. आजोबा सावरले. उतरताना क्रूने एक इंग्रजी फॉर्म पुढे केला, त्यात लायबिलिटी शब्द तीनदा.

घरी आल्यावर मला म्हणाली, "भाऊजी, याला मराठीत जबाबदारी म्हणायचं का? जबाबदारी तर मी स्वतःहून घेतली, मग ती माझ्यावर येईल असं का लिहिलंय?"

बरोब्बर बोट ठेवलं तिने. आपल्याकडे जबाबदारी घेतात, टाकतात, झटकतात आणि काही बिघडलं की ती येते सुद्धा, कर्तव्य आणि दोष दोन्हीला एकच शब्द. मी तरी दायित्व म्हणेन. ताळेबंदात 'मत्ता व दायित्वे' असतं ना, तसं देणं, म्हणजे चूक ठरली तर भरून द्यावं लागेल ते. तुम्हाला काय वाटतं?

पंचवटीकर :
दायित्व बरोबर आहे दादा. पण ते कशामुळे येतं तो शब्द जास्त महत्त्वाचा. पेपरवाले चौकशीच्या आधीच 'डॉक्टरांचा हलगर्जीपणा' छापून मोकळे होतात. एफआयआरमध्ये मात्र 'हयगयीने व अविचाराने' असतं आणि मला हयगयच आवडतो कारण तो घरातला आहे, आई म्हणते ना पथ्याची हयगय करू नकोस, म्हणजे जे करायला हवं ते न करणं. २००५ च्या जेकब मॅथ्यू खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की डॉक्टरवर फौजदारी गुन्ह्यासाठी साधी हयगय पुरत नाही, घोर लागते. अमेरिकेच्या १९९८ च्या कायद्यातही विमानात मदत करणाऱ्या डॉक्टरला संरक्षण आहे, फक्त घोर हयगय किंवा मुद्दाम केलेलं वाईट कृत्य नको. आपल्याकडे २०१९ ला मोटार वाहन कायद्यात मदत करणाऱ्याला संरक्षण देणारं कलम १३४ए आलं पण ते रस्त्यावरच्या अपघातापुरतं, विमानाला नाही. आणि वहिनींनी फी घेतली नाही ना? मग ग्राहक कायद्यात फुकट केलेलं काम 'सेवा' धरतच नाहीत.

सिडकोची ताई :
मला 'सद्भावना' शब्दाबद्दल बोलायचंय. बेशुद्ध माणसाच्या भल्यासाठी संमतीशिवाय सद्भावनेने काही केलं तर तो गुन्हा नाही, जुन्या भादंविचं (भारतीय दंड विधान, २०२४ ला त्याच्या जागी न्याय संहिता आली, नियम तोच) कलम ९२. आपण वाचतो आणि वाटतं मन चांगलं होतं की झालं. पण त्याच कायद्याचं कलम ५२ म्हणतं, योग्य दक्षता आणि लक्ष न देता केलेलं काही सद्भावनेने केलं असं म्हणताच येत नाही. म्हणजे हेतू कितीही शुद्ध असू दे, हात काळजीने चालले का तेच बघणार. हा अर्थ मराठी शब्दात कुठे दिसतो सांगा बरं! डॉक्टर लोकांना हे कोणीतरी नीट मराठीत सांगायला हवं, नाहीतर भीतीने कोणी सीटवरून उठणारच नाही.

मी :
ताई, हे अगदी पटलं. वहिनीने नाडी दोनदा बघितली होती आणि आकडा वेळेसकट क्रूच्या कागदावर लिहिला होता, तीच ती दक्षता. सद्भावनेने ऐवजी 'प्रामाणिकपणे व काळजी घेऊन' लिहिलं तर? लांब आहे, पण डॉक्टरला वाचल्या वाचल्या कळेल.